कावळा, फांदी आणि गरोदरपणातील लस : एका व्याख्येचा इतिहास

१/
एका स्त्रीच्या गरोदरपणाच्या २२ व्या आठवड्यात तिच्या पोटातील बाळ दगावते. ही घटना अमेरिकेत घडली, तर तिची नोंद ‘मृतजन्म’ अशी होते. तेथे ही सीमा साधारणतः २० आठवड्यांची आहे. तीच घटना ब्रिटनमध्ये घडली, तर तो ‘गर्भपात’ ठरतो. तेथे मृतजन्माची सीमा २४ आठवड्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटना देशोदेशींचे आकडे ताडून पाहते, तेव्हा २८ आठवड्यांपूर्वीचा असा मृत्यू ती मृतजन्मांच्या गणतीत धरतच नाही. दुःख एकच, वही बदलली की त्याचे नाव बदलते.

२/
आता असे समजा, की या स्त्रीने पंधरा दिवसांपूर्वी एक लस घेतली होती. घरातले, शेजारचे आणि ती स्वतः एकच प्रश्न विचारणार : हे लसीमुळे झाले का? उत्तर द्यायचे, तर लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा हजारो स्त्रियांच्या नोंदी समोरासमोर ठेवाव्या लागतील. परंतु मोजायचे काय, हेच ठरलेले नसेल तर? शास्त्रज्ञांनी हा प्रश्न कसा ओळखला, तो किती उशिरा सोडवायला घेतला आणि त्या विलंबाची किंमत कोणी मोजली, याचा १९४१ ते २०२१ या ८० वर्षांचा इतिहास या धाग्यात आहे.

३/
प्रथम संज्ञा. लस घेतल्यानंतर प्रकृतीच्या बाबतीत जे जे अनिष्ट घडते, त्या सर्वास वैद्यकशास्त्र ‘लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना’ म्हणते. या संज्ञेत ‘नंतर’ आहे, ‘मुळे’ नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याच्या भाराने तुटली की आधीच पोखरलेली होती, हे निराळे तपासावे लागते. गरोदरपणात ही तपासणी विशेष अवघड असते, कारण तेथे फांद्या एरवीही तुटत असतात. गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती, वाढलेला रक्तदाब, जन्मजात व्यंग ही संकटे पहिली लस जन्माला येण्यापूर्वीपासूनची आहेत. शिवाय तपास एका जिवाचा नसतो, दोघांचा असतो.

४/
या कथेचा आरंभ लसीने नव्हे, तर आजाराने होतो. १९४१ साली सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना जन्मतःच मोतीबिंदू असलेली बालके एकाएकी अधिक संख्येने दिसू लागली. त्यांनी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या मिळून ७८ बालकांची माहिती गोळा केली. त्यांपैकी ६८ बालकांच्या मातांना गरोदरपणात रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेला होता. अंगावर पुरळ उठून चार दिवसांत बरा होणारा हा किरकोळ आजार! आईच्या पोटातील वार ही अभेद्य भिंत असून बाहेरचे विघ्न बाळापर्यंत पोहोचत नाही, या समजुतीला ग्रेग यांच्या निरीक्षणाने तडा गेला.

५/
त्या किरकोळ आजाराचे खरे रूप १९६४–६५ मध्ये अमेरिकेत दिसले. रुबेलाच्या साथीत सुमारे सव्वा कोटी लोक आजारी पडले आणि सुमारे २० हजार बालके जन्मजात रुबेलाची लक्षणे घेऊन जन्मली : कोणी बहिरे, कोणी अंध, कोणाच्या हृदयात दोष. गर्भपात आणि नवजात मृत्यू हजारोंनी झाले. त्यामुळे रुबेलाची लस शोधण्याची घाई झाली. पण त्याच सुमारास वैद्यकविश्व आणखी एका आघाताने हादरलेले होते.

६/
तो आघात थॅलिडोमाइडचा. हे औषध लस नव्हते. झोपेसाठी आणि मळमळीवर दिली जाणारी ती गोळी होती. १९५७ साली ती पश्चिम जर्मनीत बाजारात आली आणि गरोदर स्त्रियाही ती घेऊ लागल्या. १९६१ च्या अखेरीस जर्मनीतील विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड यांनी स्वतंत्रपणे इशारा दिला, की या गोळीनंतर जन्मणाऱ्या बाळांचे हातपाय अपुरे असतात. औषध मागे घेतले गेले, तोवर जगभरात सुमारे १० हजार बालके बाधित झाली होती. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्यावाचून परवानगी नाकारली होती, म्हणून तो देश मोठ्या प्रमाणावर वाचला.

७/
येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. थॅलिडोमाइड पकडले गेले, ते त्याने केलेली इजा अत्यंत दुर्मीळ आणि नजरेत भरणारी होती म्हणून. खांद्यालाच पंजा जोडलेले बाळ एरवी एखाद्या डॉक्टरला अख्ख्या कारकिर्दीतही दिसत नसे. दोन-तीन दिसताच शंका आली. समजा, त्या गोळीने हातपाय न बिघडवता केवळ गर्भपातांचे प्रमाण थोडे वाढवले असते, तर? गर्भपात नेहमीचेच. वाढ कोणाच्या लक्षात आली नसती. नेहमीच्या दुःखात मिसळलेले नवे दुःख नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येत नाही. त्यासाठी काटेकोर मोजणी लागते, आणि मोजणीपूर्वी व्याख्या लागते.

८/
परंतु थॅलिडोमाइडपासून जगाने घेतलेला पहिला धडा हा नव्हता. पहिला धडा होता : गरोदर स्त्रीला संशोधनापासून दूर ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यानुसार गर्भधारणा होऊ शकेल अशा बहुतेक सर्व स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्यात आले. ती सूचना १९९३ साली मागे घेण्यात आली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की स्त्रिया चाचण्यांतून वगळल्या गेल्या, आजारांतून नव्हे. डॉक्टरांपाशी ‘माहिती नाही, म्हणून देऊ नका’ एवढेच उत्तर उरले.

९/
तरीही एक लस या काळात गरोदर स्त्रियांना दिली जात राहिली आणि तिने लक्षावधी जीव वाचवले. ती धनुर्वाताची लस. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली किंवा नाळेवर माती, शेण लावले, की धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत. आईला आधीच लस दिली, तर तिची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे जातात आणि जन्माच्या क्षणापासून त्याचे रक्षण करतात. न्यू गिनीतील गरोदर स्त्रियांवर केलेला यासंबंधीचा पथदर्शी अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे थॅलिडोमाइडचा स्फोट झाला त्याच वर्षी. वारेची भिंत अभेद्य नाही, ही बाब रुबेलात शाप ठरली आणि धनुर्वातात वरदान.

१०/
या यशामागे एका साध्या व्याख्येचाही हात आहे. नवजात धनुर्वात ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बाळ पहिले दोन दिवस नीट दूध पिते आणि रडते; मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसादरम्यान दूध ओढणे थांबवते आणि त्याचे अंग ताठरते किंवा त्याला झटके येतात. एवढेच. ही व्याख्या सुईणीला कळते, आजीला कळते आणि बाळ गेल्यावर महिन्याभराने घरी आलेल्या आरोग्यसेविकेलाही चार प्रश्न विचारून लागू करता येते. पहिले दोन दिवस बाळ ठीक होते, ही अट त्यात मुद्दाम आहे. जन्मतःच गुदमरलेले बाळ तिच्यामुळे वेगळे काढता येते.

११/
१९८८ मध्ये नवजात धनुर्वाताने जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार बाळे दगावल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. पुढे ‘निर्मूलन’ या शब्दाचीही व्याख्या ठरली : प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण. राज्याची किंवा देशाची सरासरी चालणार नाही, प्रत्येक जिल्हा. ही अट भारताने २०१५ साली पूर्ण केली. आपल्याकडे ‘टीटीचे इंजेक्शन’ घेतल्याची आठवण बहुतेक घरांतील आई-आजींना असते. आता त्याची जागा धनुर्वात व घटसर्प यांच्या संयुक्त ‘टीडी’ लसीने घेतली आहे.

१२/
आता पुन्हा रुबेलाकडे. अमेरिकेत १९६९ साली रुबेलाची लस आली. ती जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची होती, म्हणून गरोदरपणात देण्यास मनाई होती. मात्र पुष्कळ स्त्रियांना लस घेताना आपण गरोदर आहोत, हे ठाऊकच नसे. दोन आठवड्यांनी कळे आणि पायाखालची जमीन सरके. १९६४ ची बालके सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. लशीतला विषाणूही तसेच करील, या भीतीने काहींनी हवेसे असलेले गर्भ पाडून घेतले. भीती खरी की खोटी, हे सांगण्यासाठी कोणापाशीही आकडा नव्हता.

१३/
अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७१ साली अशा स्त्रियांची नोंदवही सुरू केली. कोणाला नोंदवायचे, हे स्पष्ट होते : गर्भधारणेच्या आधी किंवा नंतर तीन महिन्यांच्या आत लस घेतलेली स्त्री. त्यातही, जिच्या शरीरात रुबेलाविरुद्ध आधीपासून प्रतिकारशक्ती नव्हती, ती वेगळी मोजायची. कारण खरा धोका असला तर तिलाच असणार. बाळात काय पाहायचे, हेही ठरलेले होते : जन्मजात रुबेलाशी जुळणारे दोष. रक्तात संसर्गाची खूण मिळणे ही एक गोष्ट आणि बाळाला प्रत्यक्ष व्यंग असणे ही दुसरी. दोन्हींची नोंद निरनिराळी.

१४/
ही नोंदवही १९८९ पर्यंत चालली. प्रतिकारशक्ती नसताना लस घेतलेल्या ३२१ स्त्रियांनी ३२४ जिवंत बाळांना जन्म दिला. जन्मजात रुबेलाचे व्यंग आढळलेली बाळे : शून्य. काही थोड्या बाळांच्या रक्तात संसर्गाच्या खुणा मिळाल्या, पण बाळे निरोगी होती. दोन गोष्टी वेगळ्या लिहिल्या नसत्या, तर याच बाळांची ‘बाधित’ म्हणून गणना झाली असती आणि निष्कर्ष उलटा निघाला असता.

१५/
३२४ पैकी शून्य म्हणजे धोका शून्य, असे संख्याशास्त्र म्हणत नाही. एवढ्या नोंदींवरून धोका फार तर एक टक्क्याच्या आसपास असू शकेल, इतकेच म्हणता येते. याउलट गरोदरपणाच्या सुरुवातीला खुद्द रुबेला झाला, तर विषाणू गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. २००१ साली अमेरिकेत, लस आणि गर्भधारणा यांत ठेवायचे अंतर तीन महिन्यांवरून २८ दिवसांवर आणले गेले. ही लस आजही गरोदरपणात जाणूनबुजून दिली जात नाही. पण चुकून घेतली गेली, तर गर्भ पाडण्याचे ते कारण मानले जात नाही. हे वाक्य उच्चारण्यासाठी १८ वर्षांच्या नोंदी लागल्या.

१६/
ही मोजणी यशस्वी झाली, कारण मोजायची गोष्ट ठळक होती. इतर लसींच्या अभ्यासांत मात्र गोंधळ होता. साध्या ‘तापा’चेच पाहा. एका चाचणीत ३७.५ अंशांना ताप म्हणत, दुसरीत ३८ ला. मग ‘अमुक लशीने कमी ताप येतो’ या विधानाला अर्थ काय? अमेरिकी लससुरक्षातज्ज्ञ रॉबर्ट चेन यांनी १९९९ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथील परिषदेत ही अडचण मांडली. त्यातून २००० साली आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. गावाच्या नावावरून ‘ब्रायटन कोलॅबोरेशन’. लसीनंतरच्या घटनांच्या सर्वमान्य व्याख्या तयार करणे, हे त्याचे काम. तापाची सीमा ३८ अंश सेल्सिअस ठरली. गरोदरपण मात्र अजून दूर होते.

१७/
ते जवळ आणले २००९ च्या स्वाइन फ्लूने. गरोदर स्त्रियांना या आजाराचा धोका अधिक असल्याने अनेक देशांनी त्यांना लसीत अग्रक्रम दिला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक महत्त्वाचे गणित प्रसिद्ध झाले. १० लाख गरोदर स्त्रियांना लस दिली, तर लसीचा काहीही संबंध नसताना, केवळ नेहमीच्या प्रमाणानुसार, त्यांपैकी ३९७ स्त्रियांचा गर्भपात लसीनंतरच्या एका दिवसात झालेला दिसेल. म्हणजे कावळे इतके असतील, तर ३९७ फांद्या त्यांच्या बसण्याच्या दिवशीच तुटणार. हा ‘पार्श्वभूमी दर’ आधी माहीत नसेल, तर प्रत्येक तुटलेली फांदी बातमी होईल.

१८/
पण पार्श्वभूमी दर काढायचा, तर ‘गर्भपात’ सर्वत्र एकाच अर्थाने लिहिलेला हवा. दरम्यान गरोदरपणातील लसीकरणाचा व्याप वाढत होता. बांगलादेशात ३४० मातांवर झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आईला फ्लूची लस दिल्याने तान्ह्या बाळांतील फ्लूचे प्रमाण ६३ टक्क्यांनी घटलेले दिसले. इंग्लंडमध्ये २०१२ साली डांग्या खोकल्याने १४ तान्ही बाळे दगावली आणि गरोदर स्त्रियांना त्याची लस देणे सुरू झाले. चुकून लस घेतलेल्या स्त्रियांची नोंद ठेवण्याचा काळ संपला होता. आता लस मुद्दाम दिली जाणार होती. साहजिकच जबाबदारी वाढली.

१९/
जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांना लागू पडेल अशा समान पद्धतीची गरज मांडली. गेट्स फाउंडेशनच्या निधीतून ब्रायटन गटाच्या पुढाकाराने ‘गाया’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. २०१६ साली पहिल्या १० व्याख्या आल्या. मातेच्या बाजूने : गरोदरपणातील रक्तदाबाचे विकार, मातामृत्यू, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, गर्भाची चिंताजनक अवस्था, मुदतपूर्व प्रसूतीकडे नेणारी कारणे. बाळाच्या बाजूने : जन्मजात व्यंग, नवजात मृत्यू, नवजात संसर्ग, मुदतपूर्व जन्म, मृतजन्म. २०१७ साली आणखी ११ व्याख्यांची भर पडली. त्यांत गर्भपात, जन्मतः कमी वजन, गर्भाची खुंटलेली वाढ, लहान डोके यांचा समावेश होता.

२०/
या व्याख्यांची रचना पाहण्याजोगी आहे. प्रत्येक घटनेला निदानाच्या खात्रीच्या पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर सर्वांत भक्कम पुरावा, तिसऱ्या पातळीवर सर्वांत कमी पण स्वीकारण्याजोगा. पातळी म्हणजे आजाराची तीव्रता नव्हे, हे व्याख्याकारांनी आवर्जून सांगितले. तिसऱ्या पातळीवरचे बाळही तेवढेच आजारी असू शकते. आपल्यापाशी त्याच्याविषयीची कागदपत्रे मात्र कमी आहेत. अज्ञान कबूल करण्याची ही जागा व्याख्येतच ठेवली गेली, हे तिचे मोठे वैशिष्ट्य.

२१/
उदाहरणार्थ, मुदतपूर्व जन्म. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीचा जन्म, इतके सोपे! पण आठवडे मोजायचे कोठून? पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी आणि शेवटच्या पाळीची नक्की तारीख जुळत असेल, तर खात्री सर्वाधिक. सोनोग्राफी उशिरा झाली असेल, तर कमी. पाळीची तारीखच आठवत नसेल, तर पोटावरून मोजलेली गर्भाशयाची उंची किंवा जन्मानंतर बाळाची तपासणी यांवर भिस्त ठेवावी लागते. ‘गणपतीच्या आसपास पाळी आली होती’ हे उत्तर देणारी स्त्रीही अभ्यासातून बाहेर फेकली जात नाही. तिची नोंद खालच्या पातळीवर होते, पण होते.

२२/
सीमारेषा थोडी हलली तरी काय होते, हे ब्राझीलने २०१५ मध्ये पाहिले. झिका विषाणूच्या साथीत लहान डोक्याची बाळे जन्मू लागली. सरकारने आरंभी पूर्ण दिवसांच्या बाळासाठी डोक्याच्या घेराची सीमा ३३ सेंटिमीटर ठरवली. पण या सीमेत पुष्कळ निरोगी बाळेही येत होती. डिसेंबरात ती ३२ वर आणली गेली आणि २०१६ मध्ये मुलगा-मुलगी यांनुसार आणखी खाली. हा लसीचा प्रसंग नव्हता, परंतु धडा तोच. एका सेंटिमीटरच्या फरकाने असंख्य घरे ‘संशयित’ ठरत होती किंवा सुटत होती. सीमा सैल ठेवली, तर नाहक भीती पसरते. फार आवळली, तर खरा रुग्ण निसटतो.

२३/
चांगली व्याख्या म्हणजे लसीची वकिली, असा समज होऊ नये. २०१७ साली अमेरिकेतील एका काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात, लागोपाठ दोन हंगामांत विशिष्ट फ्लू लस घेतलेल्या स्त्रियांत लसीनंतरच्या २८ दिवसांत गर्भपात अधिक आढळले. संशोधकांनी ते दडवले नाही, छापले. मग पुढील तीन हंगामांतील, संख्येने अधिक स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. गर्भपाताची तारीख आणि गर्भाचे वय वैद्यकीय नोंदींवरून पुन्हा तपासले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : असा संबंध दिसत नाही. पहिल्या अभ्यासातील शंका फिटली, ती दुसऱ्यांदाही त्याच गोष्टी तितक्याच काटेकोरपणे मोजल्या गेल्या म्हणून.

२४/
मग कोविड आला. लसींच्या प्रमुख चाचण्यांतून गरोदर स्त्रिया पुन्हा वगळल्या गेल्या होत्या. अमेरिकेत लस घेतलेल्या गरोदर स्त्रियांची प्राथमिक माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यात ८२७ गरोदरपणे ‘पूर्ण’ झाली होती आणि त्यांपैकी १०४ गर्भपात होते. यांतील ७०० स्त्रियांनी लस तिसऱ्या तिमाहीत घेतली होती. समाजमाध्यमांवर कोणीतरी हिशेब मांडला : ८२७ मधून ७०० वजा करा, उरल्या १२७, त्यांत १०४ गर्भपात, म्हणजे ८२ टक्के! हा आकडा वाऱ्यासारखा पसरला.

२५/
वजाबाकी बरोबर होती. छेद चुकला होता. अभ्यासाची मुदत फेब्रुवारीअखेर संपली. जानेवारीत, दहाव्या आठवड्यात लस घेतलेली स्त्री फेब्रुवारीअखेर अठराव्या आठवड्याच्या आसपास असणार. तिचे गरोदरपण तोवर ‘पूर्ण’ होण्याचा एकच मार्ग : गर्भपात. ज्यांचे सुखरूप चालू होते, त्या ‘पूर्ण’ या शब्दामुळेच गणतीबाहेर राहिल्या. मूळ लेखातही पुढे दुरुस्ती करून, गर्भपाताचा दर काढण्यास योग्य छेद उपलब्ध नाही, असे स्पष्ट करण्यात आले. नंतर २,४५६ स्त्रियांचा मागोवा घेऊन सहाव्या ते विसाव्या आठवड्यादरम्यानचा गर्भपाताचा धोका काढला, तो सुमारे १४ टक्के आला. नेहमी दिसणाऱ्या प्रमाणाशी जुळणारा.

२६/
छेदाची चूक उलट दिशेनेही होते. ३६ व्या आठवड्यात लस घेतलेली स्त्री ३२ व्या आठवड्यात प्रसूत झालेली असूच शकत नाही. अशा स्त्रिया सरसकट ‘लस घेतलेल्या’ गटात टाकल्या, तर लसीमुळे मुदतपूर्व प्रसूती टळते, असे खोटेच चित्र उभे राहते. म्हणून घटना काय, एवढे ठरवून भागत नाही. ती घडण्याचा संभव केव्हापासून केव्हापर्यंत होता आणि त्या काळात किती स्त्रिया होत्या, हेही ठरवावे लागते. भीतीला खोटा आधार देणारी चूक आणि धीराला खोटा आधार देणारी चूक एकाच जातीची.

२७/
त्या वर्षी भारतात गरोदर स्त्रियांसाठी कोविड लसीकरण २ जुलै २०२१ रोजी खुले झाले. म्हणजे दुसऱ्या लाटेचा कहर ओसरल्यावर. तोवरच्या महिन्यांत अनेक घरांनी ‘आधी बाळंतपण होऊ दे, मग पाहू’ असाच निर्णय घेतला. त्यांच्यापुढे लसीविरुद्धचा पुरावा नव्हता आणि लसीच्या बाजूचाही पुरेसा नव्हता. वगळल्याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते या काळाने दाखवले.

२८/
येथे महाराष्ट्राचा एक संदर्भ उपयोगी पडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग साध्या खुणांवरून ओळखण्यास आणि त्यावर घरीच उपचार करण्यास शिकवले. प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणी नाही. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. हा लसीचा अभ्यास नव्हता. पण खुणा नीट ठरवून दिल्या, तर गावातील बाईने केलेली नोंदही शास्त्राच्या कामी येते, हे त्याने सिद्ध केले.

२९/
खात्रीच्या पातळ्या महत्त्वाच्या ठरतात, त्या याचसाठी. प्रत्येक निदानाला सोनोग्राफी आणि शवविच्छेदन अनिवार्य केले असते, तर सुरक्षिततेचा सगळा इतिहास मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचाच झाला असता. ज्या स्त्रियांना धनुर्वात, फ्लू, डांग्या खोकला यांचा धोका सर्वाधिक, त्यांच्याच घटना ‘पुरावा अपुरा’ म्हणून गळाल्या असत्या. मात्र या व्याख्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या घटना कोणती, एवढेच ठरवतात. ती कशाने घडली, हे नाही. कारण शोधण्यासाठी तुलना लागते, पार्श्वभूमी दर लागतो आणि कार्यकारणाची स्वतंत्र तपासणी लागते.

३०/
शेवटी पुन्हा २२ व्या आठवड्यातील त्या बाळाकडे. नव्या व्याख्येने मृतजन्माची एकच सीमा साऱ्या जगावर लादली नाही. आपली सीमा कोणती, ते अभ्यासापूर्वीच जाहीर करा, एवढी अट घातली. गर्भाचे वय किती, ते कशावरून ठरवले, मृत्यू प्रसूतिकळांपूर्वी झाला की कळा सुरू असताना, लस कोणत्या आठवड्यात दिली : एवढ्या नोंदी असल्या, की ती घटना अमेरिकेच्या, ब्रिटनच्या किंवा भारताच्या, कोणत्याही वहीत योग्य जागी बसते. त्या आईच्या प्रश्नाला उत्तर देताना पुढच्या डॉक्टरपाशी निदान एक आकडा असेल. १९७० मध्ये, लस घेतल्यावर आपण गरोदर असल्याचे कळलेल्या स्त्रीच्या डॉक्टरपाशी तो नव्हता.